लक्ष्यवेगाचे अनुमान, पाणतीर हल्ल्यातील

पाणबुडीतून पाणतीर, म्हणजेच टॉर्पेडो, सोडण्यापूर्वी शत्रूच्या जहाजाचा वेग ठरविण्याची क्रिया. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) पाणबुडीयुद्धाचे सदृशीकरण करणाऱ्या संगणकीय खेळांत हिला विशेष महत्त्व आहे. सायलेंट हंटर ३ (२००५) या खेळात ही गणिते आपोआप व्हावीत की खेळाडूने स्वतः करावीत, हे निवडता येते.

त्या काळचे बहुतेक पाणतीर सरळ रेषेत जात. म्हणून पाणतीर पोहोचेल त्या वेळी जहाज जेथे असेल, त्या बिंदूवर नेम धरावा लागे. जहाज व पाणतीर यांच्या वेगांचे गुणोत्तर आणि जहाजाच्या मार्गाचा दृष्टिरेषेशी होणारा कोन यांवरून हा अग्रकोन निघतो. उदा., दृष्टिरेषेस काटकोनात १० नॉट वेगाने (१ नॉट = ताशी १,८५२ मी.) जाणाऱ्या जहाजासाठी ३० नॉट वेगाचा पाणतीर सु. १९.५° पुढे रोखावा लागतो.

वेग काढण्याच्या प्रमुख पद्धती तीन आहेत. (१) परिदर्शकातील उभी रेषा स्थिर ठेवून जहाजाच्या नाळेपासून वरामापर्यंतचा भाग ती ओलांडण्यास लागणारा वेळ मोजतात. मीटरमधील लांबीस सेकंदांनी भागून १.९४ ने गुणले की वेग नॉटमध्ये मिळतो. १३० मी. लांबीच्या जहाजास २६ सेकंद लागल्यास वेग ९.७ नॉट होय. मात्र लांबीसाठी जहाजाचा प्रकार अचूक ओळखावा लागतो व पाणबुडी जवळजवळ स्थिर असावी लागते. (२) जहाजाची स्थाने नकाशावर नोंदवितात. ३ मिनिटे १५ सेकंदांत कापलेले अंतर जितके शेकडा मीटर, तितके नॉट वेग असतो. (३) ध्वनिग्राहकाने मळसूत्राचे फेरे मोजून वेगाचा अंदाज बांधतात. फेरे व वेग यांचे प्रमाण जहाजाच्या प्रकारानुसार बदलते.

अंतर वाढते तशी चूक महाग पडते. ३० नॉट वेगाच्या पाणतीरास १,००० मी. धावण्यास सु. ६५ सेकंद लागतात. तेवढ्यात १ नॉटच्या चुकीने नेम सु. ३३ मी. ढळतो. ३,००० मी. धावेत तो १०० मी. ढळतो. नेम मध्यभागी धरला असता १३० मी. लांबीचे जहाज पहिल्या वेळी सापडते, दुसऱ्या वेळी निसटते.

मोजणी लांबविली की अचूकता वाढते. पण पाण्याबाहेर राहिलेला परिदर्शक संरक्षक नौकांच्या दृष्टीस पडू शकतो. अचूकता व गुप्तता यांतील ही निवड प्रत्यक्ष युद्धात नायकाला करावी लागे. या खेळांत ती खेळाडूकडे येते.