तुटताना जन्मणारी ठिणगी

आज तुम्हाला गाडीच्या पोटातल्या विजेची गोष्ट सांगतो.

1972 साली बजाजची चेतक निघाली. त्या काळच्या कित्येक स्कूटरना बॅटरीच नसायची. तरी किक मारली की इंजिन धडधडायचं, दिवा लागायचा. थांबलेल्या गाडीचा दिवा मिणमिणता, रेस दिली की लख्ख. मग ही वीज यायची कुठून?

इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं की एक जड चाक दिसतं. गॅरेजवाले त्याला मॅग्नेट म्हणतात. त्याच्या आतल्या कडेला चुंबकं बसवलेली, आणि मध्ये न हलणाऱ्या प्लेटवर तांब्याच्या तारेची वेटोळी. चाक फिरतं, वेटोळी जागच्या जागी. चुंबक तारेजवळून जातं, तिला शिवतसुद्धा नाही, तरी तारेत वीज उभी राहते. मायकेल फॅरेडेनं 1831 साली हे दाखवून दिलं. चुंबक नुसतं शेजारी ठेवून काही होत नाही. ते हललं पाहिजे. जितकं वेगानं हलेल तितकी वीज जास्त, म्हणून तर रेस दिली की दिवा उजळायचा. 1915 साली खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली तीही याच नियमानं. तिथे चाक फिरवायला घाटावरून उतरणारं पाणी होतं, इथे तुमचा पाय आणि मग इंजिन.

पण दिवा लावणं सोपं, ठिणगी पाडणं अवघड. प्लगच्या दोन टोकांत जेमतेम 0.7 मिलिमीटर फट असते. मोकळ्या हवेतून एक मिलिमीटर उडी मारायलाच विजेला सुमारे 3000 व्होल्ट लागतात. इंजिनात तर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबून बसवलेलं, तिथे दहा हजारांच्याही वर जावं लागतं. चाकाजवळच्या वेटोळ्यात एवढा जोर कुठला?

इथे अमेरिकेतला एक मास्तर मदतीला येतो. जोसेफ हेन्री त्याचं नाव, ऑल्बनी गावच्या शाळेत शिकवायचा. तारेवर तार गुंडाळायची तर मधे आवरण हवं, म्हणून त्यानं तारेला रेशीम गुंडाळलं. असं लांबलचक वेटोळं बॅटरीला जोडलं तेव्हा विशेष काही झालं नाही. सोडवलं तेव्हा मात्र झगझगीत ठिणगी उडाली. 1832 साली त्यानं हे छापलं. वाहती वीज वेटोळ्यात एकाएकी तोडली, तर ती थांबायला तयार नसते. मागावरचा धोटा सुसाट येऊन पेटीत थडकतो तेव्हा केवढा दणका बसतो, ऐकलाय ना? तसाच दणका तारेत बसतो, व्होल्टचा.

चेतकमध्ये हे तोडण्याचं काम पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे दोन संपर्क, करायचे. चाकासोबत फिरणारा कॅम त्यांना नेमक्या क्षणी उघडायचा, फट साधारण 0.4 मिलिमीटर. करंट तुटला की झटका एचटी कॉइलमध्ये जायचा. तिथे थोड्या वेढ्यांच्या जाड तारेला लागूनच हजारो वेढ्यांची बारीक तार, त्यामुळे तो झटका अनेक पटींनी वाढून प्लगवर यायचा. पॉइंटवरच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर.

पुढे सीडीआय हा इलेक्ट्रॉनिक भाग आला आणि पॉइंट घासत बसणं संपलं. त्यात एक वेटोळं कपॅसिटरमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट साठवतं. पिकअप कॉइलनं इशारा दिला की तो सगळा साठा एका दमात एचटी कॉइलमध्ये ओतला जातो. इथे तोडणं नाही, सोडणं आहे. पण निसर्गाची अट तीच, बदल झटक्यात झाला पाहिजे. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर अशा बहुतेक गाड्यांत सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात!

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. घरातला दिवा बंद करायचा तर आपण वीज तोडतो. या मॅग्नेटवाल्या गाड्यांत इंजिन बंद करायला तार जोडावी लागते. किल स्विच सीडीआयकडे जाणारी वीज सरळ चॅसीत, म्हणजे अर्थमध्ये, उतरवून टाकतो. म्हणून पावसाळ्यात कामवारी नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाडी मुकी झाली, तर जाणता मेकॅनिक आधी प्लगकॅप पुसतो आणि मग किल स्विचची तार सुटी करून किक मारतो. ठिणगी आली, तर दोष स्विचमध्ये किंवा सोलवटलेल्या तारेत. सीडीआयचा पैसा वाचला.

बॅटरीवाल्या गाड्यांत त्याच मॅग्नेटखाली बॅटरीसाठी वेगळी वेटोळी असतात. त्यांची वीज क्षणात इकडे, क्षणात तिकडे. बॅटरीला ती एकाच दिशेनं लागते. ते काम रेक्टिफायरचं. त्याच डबीतला रेग्युलेटर व्होल्ट 14 ते 14.5 च्या आसपास धरून ठेवतो. जास्तीची वीज तो बहुधा अर्थला लावतो, आणि त्यात स्वतः तापतो. म्हणून त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. मीटर लावून पाहा: गाडी बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवेल, चालू करून रेस दिली की 14 च्या पुढे. काटा 12 वरच अडला, तर चार्जिंग नाही. 15 च्या वर चढला, तर बॅटरी उकळणार आणि बल्ब उडत राहणार.

आणि तारांचे रंग पाठ करताना आधी कंपनी विचारा. होंडाच्या घराण्यात हिरवी तार अर्थची, आणि काळी-पिवळी सीडीआयकडून एचटी कॉइलला जाते. बजाजच्या पल्सरमध्ये काळी-पिवळी हीच अर्थ. एकीची सवय दुसरीवर चालवलीत, तर सगळं नवं सामान घालूनही प्लगला करंट येणार नाही.