झडप दोन पाकळ्यांची, वाट चढाची

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते. मुलांचे वजन, उंची, डोळे, दात पाहून होतात. मग एखाद्या मुलाच्या छातीवर डॉक्टर स्टेथोस्कोप नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतात, आणि बाईंना बाजूला घेऊन सांगतात की याच्या पालकांना बोलावून घ्या. हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे. त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून झाली. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करायची असते. वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यात हृदयाचा जन्मजात दोष पहिल्यांदा कानावर पडण्याची ही फार महत्त्वाची जागा आहे, कारण खेळत्या-बागडत्या पोराला हृदयाच्या डॉक्टरकडे आपणहून कोण नेणार?

छातीत जादा आवाज ऐकू आला म्हणजे दोष आहेच असे नाही. पुष्कळ निरोगी मुलांच्या हृदयातही असा आवाज येतो आणि वाढत्या वयात तो जातो. खरे-खोटे ठरते टू-डी इको या तपासणीत. ही एक प्रकारची सोनोग्राफीच. सुई नाही, वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही. त्यासाठी बहुतेकदा पुणे गाठावे लागते. वेल्ह्याहून निघायचे, विंझर-मार्गासनी करत नसरापूरला महामार्गाला लागायचे आणि पुढे शहरात शिरायचे. इको झाल्यावर अनेक घरांना एकच उत्तर मिळते : झडपेत जन्मजात दोष आहे, पुढे कधीतरी ऑपरेशन लागू शकते, पण आत्ता नाही. या ‘आत्ता नाही’चा काळ कधी दोन वर्षांचा असतो, कधी चाळीस वर्षांचा. तो कसा काढायचा, हे कोणी नीट बसून सांगत नाही.

आधी झडपेचे काम समजून घेऊ. हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने जाऊ देणे आणि मागे येऊ न देणे हे त्यांचे काम. डाव्या खालच्या कप्प्यातून महाधमनीत, म्हणजे साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीत, रक्त जाते त्या दारावरच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. काही जण दोनच पाकळ्या घेऊन जन्माला येतात. हृदयाचा हा सर्वांत जास्त आढळणारा जन्मदोष आहे : साधारण शंभरात एकाला तो असतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांत अधिक. आईने ग्रहणात काही चिरले म्हणून तो होत नाही. गर्भ काही आठवड्यांचा असताना पाकळ्या सुट्या होण्याऐवजी जोडलेल्या राहतात, एवढेच. सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते. दोन पाकळ्यांच्या झडपेवर प्रत्येक ठोक्याचा ताण तीन पाकळ्यांपेक्षा वेगळा पडतो. वर्षानुवर्षे हे चालले की पाकळ्या जाड होतात, त्यांवर कॅल्शियम साचते, दार पुरते उघडत नाही. भाताच्या खाचरात पाणी सोडताना पाट एका जागी अरुंद झाला की तिथे पाणी जोराने धावते, तसेच इथे रक्त धावते, आणि इकोचे यंत्र तो वेगच मोजते. रिपोर्टवर ‘पीक व्हेलॉसिटी’ म्हणून जो आकडा असतो तो हाच. मोठ्या माणसात तो सेकंदाला ३ मीटरच्या खाली असेल तर अरुंदपणा सौम्य, ३ ते ४ मध्ये मध्यम, ४ किंवा त्यावर तीव्र मानतात. वेग दुप्पट झाला की कप्पा आणि धमनी यांच्यातला दाबाचा फरक चौपट होतो, म्हणून २ वरून ४ वर जाणे ही किरकोळ वाढ नव्हे. सरासरी दाबफरक ४० मिलिमीटर किंवा जास्त आणि उघडणाऱ्या दाराचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटर किंवा कमी, याही तीव्र अरुंदपणाच्या दोन खुणा. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडते. लहान मुलांत हे आकडे शरीराच्या आकाराप्रमाणे वाचावे लागतात, तेव्हा मोठ्यांचे माप त्यांना लावू नये.

काहींची झडप अरुंद न होता गळते. मग बाहेर गेलेले रक्त पुन्हा कप्प्यात येते आणि कप्पा हळूहळू मोठा होतो. काहींत झडप बरी असते, पण तिच्या वरची महाधमनी फुगत जाते. म्हणून रिपोर्टात धमनीची रुंदीही बघायची. ५ सेंटीमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर शस्त्रक्रियेचा गंभीर विचार करतात, आणि ५.५ ला बहुधा करतातच. लहानपणीच रक्तदाब जास्त सापडला तर हात आणि पाय दोन्हींवर तो मोजून घ्यावा, कारण या झडपेसोबत महाधमनी पुढे एका जागी आवळलेली असण्याची शक्यता असते. फुप्फुसाकडे रक्त जाते त्या दारावरची झडप अरुंद असेल तर मात्र गोष्ट पुष्कळदा सोपी असते. मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते आणि छाती उघडावी लागत नाही.

मग थांबायचे कशाला, आजच बदलून टाका, असे घरच्यांना वाटते. पण बसवलेली झडप आपल्या मूळ झडपेइतकी चांगली नसते. धातू-कार्बनची झडप टिकते, मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. प्राण्याच्या ऊतीची झडप बसवली तर ती गोळी बहुधा लागत नाही, पण तरुण शरीरात ती दहा-पंधरा वर्षांत झिजू शकते. अर्नोल्ड श्वार्झनेगर हा अभिनेता दोन पाकळ्यांची झडप घेऊनच जन्मला. १९९७ मध्ये त्याचे ऑपरेशन झाले, आणि २०१८ व २०२० मध्ये झडपांसाठी पुन्हा टेबलावर जावे लागले. जगातले उत्तम उपचार हाताशी असलेल्या माणसाची ही गोष्ट. म्हणून स्वतःची झडप चालते आहे तोवर ती वापरणे आणि ती थकली की वेळ न दवडता बदलणे, हाच शहाणपणाचा मार्ग. थांबणे हासुद्धा उपचारच आहे, फक्त तो नजर ठेवून करायचा असतो.

ही नजर कशावर ठेवायची, तर तीन गोष्टींवर : श्रम करताना दम लागणे, छातीत दुखणे किंवा दाटणे, आणि चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे. तीव्र अरुंद झडपेत यांतले एक जरी लक्षण सुरू झाले तर ऑपरेशनाशिवाय पुढचा काळ मोजक्या वर्षांचाच राहतो. गाठ पडते ती इथेच. डोंगरातला माणूस लक्षण ओळखत नाही, तो त्याच्याशी जुळवून घेतो. आधी गुंजवण्यातून राजगडावर एका दमात जाणारा पोरगा पुढे दोनदा बसू लागतो आणि म्हणतो, सवय मोडली. धनगरवाड्यावरची बाई पाण्याची खेप तीनवरून दोनवर आणते आणि कारण वयाचे सांगते. तोरण्याला मेंगाईच्या दर्शनाला जाणे टळत जाते. ‘मला काही त्रास नाही’ हे डॉक्टरांपुढचे वाक्य खोटे नसते, पण त्रास होईल ते काम त्याने केव्हाच सोडलेले असते.

यावर मला एकच उपाय पटतो. रोजच्यातला एक चढ ठरवून टाका : घरापासून देवळापर्यंतचा, शेतापासून वाडीपर्यंतचा. सौम्य किंवा मध्यम दोष असलेल्याने महिन्यातून एकदा तो नेहमीच्या चालीने चढावा. किती वेळ लागला, कुठे थांबावे लागले, हे वहीत लिहावे. वेळ वाढू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना वही दाखवावी. दोष तीव्र असल्याचे सांगितले असेल तर हा प्रयोग स्वतःहून करू नये. त्यांच्यासाठी डॉक्टर देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी घेतात.

काम आणि खेळ किती करायचा, हे झडपेच्या आकड्यांवर ठरते, भीतीवर नाही. सौम्य दोष असलेल्या मुलाला खो-खो, पोहणे, गड चढणे यांपासून दूर ठेवणे अन्याय आहे. मध्यम दोषात डॉक्टरांना विचारून खेळ निवडावा. तीव्र दोषात चुरशीचे खेळ बंद. सगळ्यांत वाईट म्हणजे श्वास रोखून जड उचलणे, कारण त्या क्षणी धमनीतला दाब एकदम चढतो. भाताचे पोते पाठीवर घेणे, अडकलेली गाडी ढकलणे, ही कामे महाधमनी फुगलेल्या माणसाने दुसऱ्यावर सोपवावीत. लावणीच्या दिवसांत घरात माणसे कमी असतात हे खरे, तरीही. चालणे मात्र सर्वांनाच चांगले. अंगात रक्त कमी असेल तर तोच दोष दुप्पट जाणवतो, म्हणून मुलींचे आणि बायकांचे हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. अरुंद झडप असलेल्या बाईने दिवस राहण्याआधी इको करावा, नंतर नाही. गरोदरपणात रक्ताचे आकारमान बरेच वाढते आणि तो भार झडपेवर येतो. हे लग्न ठरवतानाच दोन्ही घरांनी बोलून ठेवले तर मुलीवर लपवण्याचे ओझे राहत नाही.

आता तोंडाविषयी, कारण याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हिरड्यांतून रक्तात शिरलेले जंतू निरोगी झडपेवर सहसा टिकत नाहीत, पण बिघडलेल्या झडपेवर ठाण मांडू शकतात. त्यातून होणारा संसर्ग पाकळ्या फाडतो आणि महिनाभर शिरेतून औषधे द्यावी लागतात. दोन वेळा दात घासणे, किडलेला दात वेळेवर भरणे आणि मिश्री बंद करणे हा या दोषातला खरा प्रतिबंध आहे. मिश्रीने हिरड्या खराब होतात आणि तिच्यातला तंबाखू रक्तदाब वाढवतो, अशी ती दुहेरी हानी. दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा विशेष डोस मुख्यतः ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे किंवा हा संसर्ग आधी होऊन गेला आहे त्यांना लागतो. साध्या दोन पाकळ्यांच्या झडपेला तो सहसा लागत नाही. पण दंतवैद्याला आपला दोष सांगायचाच.

ताप आठवडाभर उतरत नसेल, रात्री घाम येत असेल, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. आधी रक्ताचे कल्चर करून घ्या. दोन गोळ्या पोटात गेल्या तरी कल्चरमध्ये जंतू सापडेनासा होऊ शकतो आणि योग्य औषध ठरवणे अवघड होते.

आणखी एक घोटाळा टाळावा. ग्रामीण भागात झडपेचे पुष्कळ रुग्ण संधिवाताच्या तापाने, म्हणजे लहानपणी घसा बिघडून सांधे सुजलेल्या आजारातून तयार झालेले असतात. त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते. जन्मजात दोषाला ते लागत नाही. शेजाऱ्याला चालू आहे म्हणून आपण मागू नये, आणि त्याला सांगितलेले असेल तर त्याने चुकवू नये.

छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची, हे आता गावोगाव माहीत झाले आहे. तीव्र अरुंद झडपेच्या माणसाला ती गोळी घातक ठरू शकते, कारण रक्तदाब एकदम उतरतो आणि अरुंद दारातून हृदय ती भरपाई करू शकत नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नका, आणि घरातल्यांना, आशाताईंना हे सांगून ठेवा. चक्कर येऊन माणूस पडला तर १०८ ला फोन करायचा आणि पहिल्या वाक्यात ‘हृदयाची झडप अरुंद आहे’ एवढे सांगायचे.

तपासणीची तारीख पाळणे हे दुसरे अर्धे काम. सौम्य दोषात मोठ्या माणसाचा इको तीन ते पाच वर्षांनी, मध्यम दोषात एक-दोन वर्षांनी, तीव्र दोषात सहा महिने ते वर्षाने करतात. मुलांचा त्याहून लवकर. तारीख पावसाळ्यात येत असेल तर डॉक्टरांना विचारून ती मे महिन्यात घ्या. दरडी आणि लावणी या दोन्हींत तारीख बुडते आणि मग वर्ष जाते. सगळे जुने रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. डॉक्टरांना आजच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त सांगतो. झडप उघडणारी किंवा तिचे आकुंचन थांबवणारी गोळी अजून निघालेली नाही, काढा किंवा चूर्णही नाही. असे औषध विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

ऑपरेशन जवळ आले तर झडप निवडताना आपले गाव डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला सुरुवातीला वरचेवर आणि नंतर साधारण महिन्याला रक्ततपासणी लागते. घर वाडीवर असेल आणि पावसात रस्ता बंद होत असेल, तर हा मुद्दा वैद्यकीयच आहे. या गोळीवर टाकळा, कुर्डू यांसारख्या पालेभाज्यांचाही परिणाम होतो. त्या बंद करायच्या नसतात, पण श्रावणात रोज आणि एरवी कधीच नाही असे केले तर मात्रा चुकते. मूल हवे असलेल्या तरुण बाईने हा प्रश्न आधी विचारावा, कारण गर्भाला या गोळीने इजा होऊ शकते. झडप परदेशीच हवी असेही नाही : भारतात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली झडप १९९० पासून बसवली जात आहे.

पैशाविषयी थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयांत मिळतात आणि झडपेची शस्त्रक्रिया त्यात येते. रेशनकार्ड आणि आधार यांतली नावे जुळतात का, हे आजच पाहा. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, तेव्हा कागदपत्रांतला पत्ताही तपासून घ्या. रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी शाळेत आलेल्या पथकाची चिठ्ठी जपून ठेवा. पुढची वाट तिथूनच निघते.

शेवटची विनंती घरच्यांना. दोन पाकळ्यांची झडप घराण्यात चालू शकते. ज्याच्यात ती सापडली त्याच्या आई-वडील, भावंडे आणि मुलांपैकी साधारण दहातल्या एकाला ती असते, आणि त्यालाही आज काही त्रास होत नसतो. पुढच्या खेपेला पुण्याला जाल तेव्हा त्यांचाही एकदा इको करून घ्या.