अल्पमात्रेची प्रयोगशाळा

सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेतील हवा द्रावकांच्या बाष्पाने दूषित होते आणि ती शुद्ध राखण्यासाठी वायुवीजनाची नवी तजवीज करावी, तर खर्च आवाक्याबाहेर जातो, असा पेच १९८०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेच्या मेन राज्यातील बोडिन महाविद्यालयापुढे उभा राहिला, तेव्हा डेना मेयो, सॅम्युएल बुचर आणि मेरिमॅक महाविद्यालयाचे रोनाल्ड पाइक या अध्यापकांनी प्रयोगाचे परिमाणच घटविले. पूर्वी जेथे काही ग्रॅम द्रव्य लागे, तेथे आता ५० ते १५० मिलिग्रॅम पुरू लागले. त्यांचे पाठ्यपुस्तक १९८६ साली निघाले. बाष्प, अपशिष्ट आणि आगीचा धोका, तिन्ही उणावले.

तथापि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल काटकसरीत नसून हाताला लागणाऱ्या शिस्तीत आहे. कारण एवढ्याशा द्रव्यातील दोन थेंब भांड्याच्या कडेला चिकटून राहिले, तरी उत्पादनाचा मोठा हिस्सा गमावला जातो, आणि ती हानी विद्यार्थ्याला तराजूवर तत्काळ दिसते. शिवाय अल्प द्रव्य लवकर तापते व लवकर निवते, म्हणून फसलेला प्रयोग पुष्कळदा त्याच तासिकेत पुन्हा करून पाहता येतो.