४८ तास, फुकट जलसा!

शनिवारी सकाळी साडेदहाला दारावरची बेल वाजली. परदेशात एकटं राहणाऱ्याच्या दारावर सुट्टीच्या सकाळी बेल वाजली की दोनच शक्यता असतात. कुरियर, नाहीतर तक्रार. माझ्या बाबतीत तक्रारीचे चान्सेस जास्त. आदल्या रविवारी मी वॉशिंग मशीन लावलं होतं आणि जर्मनीत रविवारी आवाज करणं म्हणजे घोर पाप.

दारात तळमजल्यावरच्या तुर्की काकू.

‘‘तुझ्याकडे खुर्च्या किती?’’

‘‘दोन.’’

‘‘दोन्ही दे. अंगणात बँड येतोय.’’

ही गोष्ट जून २०१९ ची. कंपनीनं मला ऑनसाइट हॅम्बुर्गला धाडून पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत बिल्डिंगमधल्या लोकांशी माझं एकूण बोलणं किती? रोज एक ‘हालो’. डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला हे सॉलिड बोचतं. आमच्याकडे कुणाच्या घरी कुठली भाजी शिजतेय ते जिन्यातच कळायचं. इथे जिन्यात फक्त फिनाइलचा वास.

माझं घर विल्हेल्म्सबुर्गला होतं. एल्बे नदीच्या दोन फाट्यांमध्ये अडकलेलं हे भलंमोठं बेट, वस्ती ५० हजारांहून जास्त. ऑफिसातले जर्मन मित्र नाक मुरडायचे, ‘‘नदीपलीकडे? तिकडे कशाला?’’ अहो, भाडं! बाकी कशाला?

नाक मुरडण्यामागे इतिहास आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये वादळात बांध फुटले आणि एका रात्रीत हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली. त्यातली दोनशेहून जास्त या एका बेटावरची. मग ज्यांना जमलं ते बेट सोडून गेले, घरं स्वस्त झाली आणि त्या घरांत गोदी-कारखान्यांत राबायला आलेली तुर्की, पोर्तुगीज, युगोस्लाव्ह कुटुंबं राहायला आली. शहरानं आपला कचरासुद्धा इकडेच टाकला. गिओर्ग्सव्हेर्डरच्या कचऱ्याच्या डोंगरातून विषारी डायॉक्सिन झिरपतंय, हे १९८३ मध्ये उघड झालं.

आज त्याच डोंगरावर पवनचक्क्या आणि सोलर पॅनल्स आहेत, आणि माथ्यावरून चक्क फिरायला वाट! २००६ ते २०१३ या काळात ‘आयबीए’ नावाच्या आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शनानं या बेटाला ‘ग्रीन’ करायचं मनावर घेतलं, त्याचा हा परिणाम. माझा फेव्हरिट मात्र बंकर. १९४३ मध्ये बांधलेला काँक्रीटचा राक्षस. वर विमानविरोधी तोफा, आत हजारो माणसांचा आसरा. युद्धानंतर ब्रिटिशांनी तो आतून स्फोटानं उडवला आणि पुढची साठेक वर्षं तो नुसता उभा होता. आता त्याच्या पोटात २० लाख लिटर गरम पाण्याची टाकी आहे. छपरावरचं ऊन, जवळच्या कारखान्यातली वाया जाणारी उष्णता असं सगळं गोळा करून ते पाणी तापतं आणि आजूबाजूच्या वस्तीतली घरं उबदार करतं. वर ३० मीटरवर कॅफे. तिथून अख्खं बंदर दिसतं. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथेच न्यायचे.

तर, खुर्च्या.

या फेस्टिव्हलचं नाव ‘४८ श्टुन्डन विल्हेल्म्सबुर्ग’, म्हणजे ‘४८ तास विल्हेल्म्सबुर्ग’. इथल्या ब्युर्गरहाउस या सांस्कृतिक केंद्रानं तो २०१० मध्ये सुरू केला. फंडा सिंपल आहे. जूनमधला एक वीकेण्ड, सगळं फुकट, आणि वाजवणारे फक्त या एल्बे-बेटांवरचे. इथे राहणारे, इथे काम करणारे, निदान इथे तालीम करणारे. बाहेरचा कितीही मोठा स्टार असो, नो एंट्री. आणि स्टेज? न्हाव्याचं दुकान, चर्च, कुणाची बाग, कुणाचं गॅरेज. आमचं अंगणसुद्धा.

मी छापील कार्यक्रमपत्रिका घेऊन निघाले. १३ नंबरची बस पकडली. या बसला सगळे ‘वाइल्ड थर्टीन’ म्हणतात. मिखाएल एंडेच्या मुलांच्या पुस्तकातल्या चाच्यांच्या टोळीचं नाव आहे ते. २०१३ मध्ये या बसवर एक डॉक्युमेंटरीही निघाली. त्या दिवशी बसमध्ये माझ्या एका बाजूला डबलबास घेतलेला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला कलिंगड घेतलेल्या आजी. दोघांचंही सामान सारखंच अडचणीचं.

दुपारभर नुसती भटकले. एका सलूनमध्ये आरशासमोरच्या खुर्चीत बसून एक काका तुर्की साझ वाजवत होते आणि शेजारच्या खुर्चीत खरोखरच कटिंग चालू होतं! चर्चमध्ये कॉयर. फेरिंगश्ट्रासेवरच्या एका बँडनं तर कान बधीर केले, आणि खरं सांगते, अगदीच भिकार होता. पण ड्रमवर होता आमचा पोस्टमन. पोस्टमनला अर्ध्यात सोडून कसं जाणार? शेवटपर्यंत थांबले, टाळ्या वाजवल्या, फिरत आलेल्या टोपीत दोन युरो टाकले.

फुकट म्हणून लोक येतात हे खरं. पण फुकट कार्यक्रम आपल्याकडेही कमी नसतात. तिथे आपण स्टेजपासून पन्नास फुटांवर आणि मध्ये बांबू. इथे वाजवणारा सोमवारी आपली पत्रं टाकणार असतो. माझ्या मते सगळी मजा यातच आहे.

संध्याकाळी घरी परतले तर अंगणात शंभरेक माणसं. सायकलींच्या गंजीवरून उड्या मारत आत शिरले. माझ्या दोन्ही खुर्च्या पहिल्या रांगेत, त्यातल्या एकीवर काकू. दुसरी त्यांनी माझ्यासाठी पर्स ठेवून अडवलेली. ‘‘काकू नाही, तेयझे म्हण,’’ त्या म्हणाल्या. तेयझे म्हणजे मावशी. संपर्कभाषा माझं तोडकं जर्मन आणि त्यांचं चाळीस वर्षांचं, तरी व्याकरणाला न जुमानणारं जर्मन. मस्त जमलं.

गाण्यांच्या मध्ये त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, ‘‘ही सगळी पोरं नदीपलीकडची ना?’’

निम्मी तरी असावीत. कानांत हेडफोन, हातात महागडी सायकल, तोंडावर ‘वॉव, काय एरिया आहे’.

‘‘आधी गाणी ऐकायला येतात,’’ तेयझे म्हणाल्या, ‘‘मग घर बघायला येतात.’’ त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. त्याला बेटावरच राहायचं होतं आणि आठ महिने झाले, परवडेल असं घर सापडत नव्हतं. ही भीती नवी नाही. आयबीएच्या वेळी भाडेवाढीच्या धास्तीनं इथे निदर्शनं झाली होती. पवनचक्क्या, सोलर, स्वच्छ अंगणं, वर फुकटचं संगीत. एवढं सगळं छान झाल्यावर भाडं तेवढंच कसं राहील?

मी मान डोलावली. मग लख्खकन लक्षात आलं, माझ्या फ्लॅटमध्ये माझ्याआधी कोण होतं? विचारलं. तीन मुलांचं कुटुंब. भाडं वाढलं तेव्हा गेलं. वाढीव भाडं द्यायला मी आले, कंपनीचा अलाउन्स घेऊन. तेयझेंनी हे टोमण्यानं सांगितलं नाही, वर बोरेकची ताटली पुढे केली. पण तो घास काही पटकन गिळवला नाही.

जूनमध्ये हॅम्बुर्गला दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेड असतानाच बँडवाल्यानं घड्याळ बघितलं आणि अँप बंद केला. दहानंतर शांतता, अगदी आपल्या लाउडस्पीकरच्या नियमासारखी. फरक इतकाच, की इथे ‘एकच गाणं, प्लीज’ला कुणी भीक घातली नाही.

रात्री खुर्च्या परत आल्या. दिल्या होत्या दोन, आल्या तीन. तिसरी कुणाची, हे विचारत मी पुढचा आठवडाभर एकेका दाराची बेल वाजवत होते.