नोंदणीआधीचे आठवडे

मार्च-एप्रिलात मेळघाटात उजाडायच्या आतच मोहाखाली टोपल्या दिसू लागतात. फूल रात्री उमलतं, पहाटे गळतं. बाया ते वेचून अंगणात वाळत घालतात. ते खातात आणि त्याची दारूही गाळतात. कोरकूंच्या लग्नकार्यात, देवापुढे ती लागतेच, आणि बाईनं घोटभर घेतली तर कुणी नाक मुरडत नाही. अकोला-अमरावतीच्या घरांत मात्र हा विषय काढायचीच सोय नाही.

वऱ्हाडात दारूविरुद्ध गाडगेबाबांनी कीर्तनं केली, तुकडोजी महाराजांनी भजनं गायली. बोट बहुतेक वेळा नवऱ्याकडे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात दारू घेणाऱ्या बायकांचं प्रमाण एक टक्काही भरलं नाही. पण राज्याच्या सरासरीत मेळघाटातले धारणी-चिखलदरा दिसत नाहीत, आणि नणंद-सासू शेजारी बसलेली असताना कोण खरं सांगणार?

बाई गरोदर असेल तर मात्र गोष्ट तिच्यापुरती राहत नाही. दारू वारेतून सरळ पार होते. आईच्या रक्तात जेवढी, साधारण तेवढीच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात. ती मोडायला बाळाचं यकृत अजून तयार नसतं. भरीत भर, बाळाच्या लघवीतून ती गर्भजलात उतरते आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळतं. आईची उतरली तरी बाळाची लवकर उतरत नाही. सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९७३ साली गरोदरपणी दारू घेणाऱ्या आयांच्या मुलांमधल्या खुणा नोंदवल्या: बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाक-ओठांमधली सपाट झालेली पन्हळ, खुंटलेली वाढ. फ्रान्समध्ये पॉल लमवान यांनी १९६८ सालीच १२७ मुलांबद्दल असंच लिहिलं होतं. तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढे १९८१ साली कॅथलीन सुलिक यांनी उंदरांवर दाखवलं की चेहऱ्याच्या या खुणा माणसाच्या तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या काळातच पडू शकतात. म्हणजे पाळी लांबून जेमतेम आठवडा झालेला असतो. आपल्याकडे गरोदरपणाची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली तरी शाबासकी मिळते! मेंदू नऊही महिने वाढत असतो, त्यामुळे कळल्याक्षणी सोडली तरी फायदा आहेच. आधी घेतली म्हणून धास्ती घेण्यात अर्थ नाही. पण पहिली सूचना पोचायची जागा सिस्टरकडची पात्र जोडप्यांची नोंदवही आहे, माता-बाल कार्ड नव्हे.

अमेरिकेत १९८९पासून बाटलीवर गरोदर बायकांसाठी इशारा छापतात. आपल्या २०१८च्या नियमांतल्या इशाऱ्यात आरोग्य आणि गाडी चालवणं आहे, गर्भारपण नाही. असतं तरी घरी गाळलेल्या दारूला लेबल कुठलं? दारूबंदीच्या मतदानात आडवी बाटली जिंकली तरी परवान्याचं दुकान तेवढं बंद होतं. उरतो आशाताईंचा प्रश्न. ‘दारू पिता का?’ म्हटलं की ‘नाही’च येणार. ‘सणावाराला मोहाची घेता का, शेवटची कधी घेतली?’ असं एकटीला गाठून, सहज विचारलं तर ती बोलेल. सोबत नवऱ्यालाही सांगावं. घरात बाटली येते तेव्हा बहुतेकदा तोच आणतो.

त्याच बैठकीत खर्रा-तंबाखूचंही विचारावं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या २००४ सालच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू खाणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला कमी वजनाच्या गटात ढकलायला तेवढेही पुरतात.