जास्वंदीला फळ का धरत नाही?

भेंडी चिरताना आत बियांच्या रांगाच रांगा दिसतात. आता आठवून सांगा बरं, जास्वंदीचं फळ कधी पाहिलंय? बहुतेक नाहीच! खरं तर भेंडी, कापूस, अंबाडी आणि जास्वंद ही सगळी एकाच कुळातली मंडळी. कापसाला बोंडं लागतात, भेंडीला भेंड्या. मग जास्वंदीचंच असं काय?

सकाळी उमललेलं ताजं फूल घ्या. शिळं चालणार नाही, कारण जास्वंद बहुधा एकच दिवस फुललेली राहते. पाच पाकळ्यांच्या मधोमध लांब दांडी दिसते ना? ती आहे नळी! पुंकेसरांचे देठ एकमेकांना चिकटून ती बनलीय. तिच्यावरचे पिवळे ठिपके म्हणजे परागकोश. बोट फिरवा, पिवळी पूड लागेल. तिचा कण सूक्ष्मदर्शकाखाली चक्क काटेरी दिसतो. नळीच्या आतून स्त्रीकेसर वर येतो आणि टोकाला त्याला पाच फाटे फुटतात. प्रत्येकावर एक मखमली टिकली, पराग झेलायला.

म्हणजे बी धरायला लागणारं सगळं आहे. मध प्यायला शिंजीर पक्षीही येतो. तरी संध्याकाळी फूल मिटतं आणि फळ न धरताच गळून पडतं.

त्याचं कारण माणसांमध्ये दडलंय. ही लाल जास्वंद रानात आपोआप उगवलेली मिळत नाही. ती माणसांनीच पिढ्यान् पिढ्या जपलेली. बागांमधल्या अनेक जाती संकरातून आलेल्या आहेत आणि त्यांच्या पेशींमधल्या गुणसूत्रांची संख्याही सारखी नसते. गुणसूत्रांच्या जोड्या नीट जमल्या नाहीत की बी धरणं अवघड होतं. नव्या रंगांची जास्वंद हवी असेल तर बागवान हाताने पराग लावतात, तेव्हा कुठे थोड्या बिया मिळतात.

एरवी फांदी तोडायची आणि मातीत खोचायची! शेजारच्या काकूंनी दिलेली फांदी तुमच्या दारात फुलते, तेव्हा ते काकूंच्याच झाडाचं हुबेहूब रूप असतं. बिया न धरताही जास्वंद देशोदेशी पोचली. मलेशियाचं तर ती 1960 पासून राष्ट्रीय फूल आहे.

माणसांनी जपलेल्या जास्वंदीची आणखी एक गंमत पाहा. गुच्छासारखी भरगच्च जास्वंद मिळाली तर तिची एकेक पाकळी सोडवा. आतल्या कितीतरी पाकळ्या म्हणजे रूप बदललेले पुंकेसर असतात. नीट शोधलंत तर एखाद्या पाकळीच्या कडेला चिकटलेला पिवळा परागकोश सापडेल.