फाउंटनचा फूटपाथ आणि चित्रांची जुनी पुस्तकं

चर्चगेट स्टेशनातून वीर नरिमन रस्त्याने हुतात्मा चौकाकडे निघालं की जुन्या तारघराच्या आसपास फूटपाथवर पुस्तकांच्या थप्प्या दिसू लागतात. 1864 साली उभ्या राहिलेल्या फ्लोरा फाउंटनमुळे वाचक या जागेला नुसतं ‘फाउंटन’ म्हणतात. मुंबई विद्यापीठाची फोर्टमधली इमारत, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि 1952 पासूनचं जहांगीर कलादालन इथून पायी काही मिनिटांवर; 1857 मध्ये सुरू झालेली जे. जे. कलाशाळाही फार लांब नाही. पुस्तकं विकत घेणारे आणि विकून टाकणारे, दोघंही या परिसरात पिढ्यान् पिढ्या वावरत आले. कादंबऱ्या आणि परीक्षेची पुस्तकं इथे सहज मिळतात. पण ती इतरत्रही मिळतात. या जागेचं मोल कळतं ते चित्रांच्या पुस्तकांपाशी. कारण चित्रांचं पुस्तक जसं निघालं तसं हवं असेल, तर ते बहुधा जुनंच घ्यावं लागतं.

कादंबरीचा मजकूर नव्या आवृत्तीतही तोच राहतो. चित्रांना ती हमी नसते: मुखपृष्ठ बदलतं, रंगीत पानं काळी-पांढरी होतात, कधी चित्रकारच बदलतो. मॉस्कोच्या ‘रादुगा’ आणि ‘प्रगती’ प्रकाशनांनी मुलांसाठी मराठीत काढलेली पुस्तकं अतिशय स्वस्त होती आणि त्यांतली चित्रं नामवंत रशियन चित्रकारांची होती. 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि त्यांचा ओघ आटला. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रं मराठी घरांत पोचली ती दिवाळी अंकांतून आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून. ग्रंथालयात पुठ्ठाबांधणी करताना अनेकदा नेमकं तेच मुखपृष्ठ काढून टाकलं जातं. अशा वेळी कुणाच्या घरच्या रद्दीतून निघालेली धड प्रत हाच चित्रकाराच्या कामाचा अस्सल पुरावा उरतो.

आधुनिक कलेच्या पुस्तकांत अडचण किमतीची. रंगीत छपाई आणि जाड आर्ट पेपर यांमुळे नवं पुस्तक कलाविद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जातं. मुल्कराज आनंद यांनी 1946 मध्ये सुरू केलेल्या ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाचे जुने अंक, ललित कला अकादमीच्या एकेका चित्रकारावरच्या पुस्तिका, परदेशी प्रकाशकांच्या कलामाला हे सारं जुन्या बाजारातच परवडतं. मात्र घेताना पारखून घ्यावं. आर्ट पेपर भिजला की पानं एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हा धोका मोठा. फ्रेम करण्यासाठी रंगीत पानं कापून घेतलेली असतात. म्हणून सूचीतली चित्रं आतल्या पानांशी ताडून पाहावीत, मगच भाव करावा.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं आता पडद्यावर मिळतं. बालभारतीने 1971 पासूनचे ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे अंक संगणकावर खुले केले, ही मोलाचीच गोष्ट आहे. पण स्कॅनमध्ये चित्राचा आकार, कागदाचा पोत आणि शाईचा रंग तसाच्या तसा उतरत नाही. शिवाय स्कॅन करायलाही कुणीतरी मूळ प्रत जपलेली असावी लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: जुन्या विक्रीतून चित्रकाराला काही मिळत नाही. हे खरं आहे. म्हणूनच छापात असलेलं पुस्तक नवंच घ्यावं, आणि चोरट्या छपाईची प्रत तर कुठेच घेऊ नये. पण छपाई थांबलेल्या पुस्तकाबाबत फूटपाथ चित्रकाराचं नुकसान करत नाही. त्याचं काम लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवतो.

तिसरा आक्षेप पादचाऱ्यांचा. फूटपाथ चालण्यासाठी आहे, हे मान्यच करायला हवं. 2005 साली महापालिकेच्या कारवाईने इथले अनेक विक्रेते हटले आणि पूर्वीचा पसारा आटला. पुढे 2018 मध्ये फोर्टमधलं स्ट्रँड बुक स्टॉलही बंद झालं. पुस्तकांचा हा परिसर असा आक्रसत असताना विक्रेत्यांना हुसकावणं हा उपाय नव्हे. आखून दिलेली जागा, परवाना आणि पावसापासून आडोसा एवढं दिलं तर चालणाऱ्यांचीही वाट मोकळी राहील. सार्वजनिक ग्रंथालयांनीही इथून दुर्मीळ प्रती विकत घेऊन त्यांची मुखपृष्ठं शाबूत ठेवावीत. मराठी चित्रकलेचा एक मोठा भाग छापील पानांवर घडला आहे, आणि पुस्तकं रद्दीत गेली तर तो पुन्हा उभा करता येणार नाही.